क्यूवरचे टोकदार पॉइंट येतात कुठून?

पूल हा बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, आणि तो खेळायची लांब काठी म्हणजे क्यू. चांगली, कारागिराने बनवलेली क्यू हातात घेतली की नजर आधी हँडलच्या वरच्या भागावर जाते. मेपलच्या फिकट लाकडावर काळ्या आबनुसाचे चार लांब, निमुळते त्रिकोण आणि प्रत्येकाच्या कडेने हिरव्या, केशरी, पांढऱ्या बारीक रेघा. खेळाडू या त्रिकोणांना पॉइंट म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, त्रिकोण कापून लाकडात बसवले असतील. पण जुन्या पद्धतीने बनवलेल्या क्यूमध्ये त्रिकोणी आकाराचा तुकडा कुणी कापलेलाच नसतो. कारागीर सरळ खाच पाडतो, तिच्यात सरळ चौकोनी पट्टी चिकटवतो आणि मग सगळा ठोकळा लेथवर गोल कातत नेतो. कातता कातता पॉइंट लाकडातून वर येतात.

हे कसं घडतं ते एकदा कळलं की क्यू वाचता येऊ लागते. टोक अणकुचीदार आहे की गोलसर, कडेच्या रेघा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, चारही पॉइंट एकाच उंचीवर संपतात का, एवढ्यावरून ती आतून कशी जोडली आहे आणि करणाऱ्याचा हात कसा होता हे सांगता येतं. ही नक्षी म्हणजे सांध्याची खूण आहे, आणि मला या कामात सगळ्यात जास्त तेच आवडतं.

सांधा आधी, शोभा नंतर

पूलची क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. तिचे दोन जवळपास सारखे भाग असतात आणि ते मध्ये पेचाने जोडले जातात. पुढचा बारीक भाग म्हणजे शाफ्ट. मागचा जाड भाग म्हणजे बट. बटच्याही तीन पायऱ्या आहेत. पेचापासून हँडलपर्यंतचा भाग फोरआर्म, त्यानंतर लिननचा दोरा किंवा चामडं गुंडाळलेलं हँडल, आणि सगळ्यात मागे बट स्लीव्ह. पॉइंट असतात ते फोरआर्मवर. पूर्ण क्यूचं वजन बहुधा १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम भरतं.

आता अडचण अशी की पुढचा भाग हलका आणि ताठ हवा, मागचा भाग जड हवा, नाहीतर तोल साधत नाही. शाफ्टसाठी उत्तर अमेरिकेतला हार्ड मेपल उत्तम. त्याची घनता घनमीटरला साधारण ७०० किलो. आबनूस हजाराच्या आसपास जातो, शिसवीच्या जातीची बहुतेक लाकडं या दोघांच्या मधे कुठेतरी येतात. म्हणजे पुढे मेपल आणि मागे जड लाकूड लावलं की तोल जमतो. प्रश्न एवढाच, की दोन लाकडं एकापुढे एक जोडायची कशी?

सुतारकाम केलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की लाकूड आडवं कापून त्या कापलेल्या तोंडाला सरस लावून दुसरं लाकूड चिकटवलं तर ते टिकत नाही. लाकडाच्या पेशी खोडाच्या दिशेने लांब, पोकळ असतात. आडवं कापलं की त्यांची तोंडं उघडी पडतात आणि गोंद आत शोषला जातो, सांध्यात उरतच नाही. याउलट रेषेच्या बाजूने, लांबीला लांबी लावून चिकटवलेला सांधा इतका पक्का होतो की जोर दिला तर शेजारचं लाकूड फाटतं पण सांधा सुटत नाही. म्हणून दोन लाकडं एकमेकांत लांब, तिरप्या पाचरींनी घुसवायची. असं केलं की चिकटणारा जवळपास सगळा पृष्ठभाग लांबीच्या दिशेचा होतो, आणि तो खूप वाढतोही.

किती वाढतो याचा हिशेब सोपा आहे. हँडलजवळ क्यूचा व्यास २७ मिलिमीटर धरला तर आडव्या कापाचं क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस मिलिमीटर येतं. आता समजा २५० मिलिमीटर लांबीच्या चार पाचरी आहेत आणि प्रत्येक पाचर बुडाशी १० मिलिमीटर खोल आहे. प्रत्येकीच्या दोन बाजू म्हणजे आठ लांब त्रिकोणी पृष्ठभाग. त्यांची बेरीज १४,००० चौरस मिलिमीटरच्या घरात जाते. चोवीस-पंचवीस पट गोंद धरणारी जागा, तीही योग्य दिशेची. सांधा हवा म्हणून पाचरी आल्या आणि पाचरी बाहेरून सुंदर दिसतात हे लगेच लक्षात आलं. पुढे लोक त्या सौंदर्यासाठीच पैसे मोजू लागले.

एकमेकांत अडकलेली लाकडं

लाकडं अशी एकमेकांत घुसवून केलेल्या सांध्याला स्प्लाइस म्हणतात. त्याचं मूळ रूप म्हणजे फुल स्प्लाइस. यात मागच्या जड लाकडाच्या एका टोकाला चार लांब, निमुळत्या पाचरी उरतील अशा खाचा पाडतात. पुढच्या मेपललाही त्याला नेमक्या जुळणाऱ्या खाचा असतात. दोन्ही तुकडे गोंद लावून एकमेकांत दाबले की जड लाकडाच्या पाचरी वर मेपलमध्ये जातात आणि मेपल खाली जड लाकडात उतरतं. कातून गोल केल्यावर बाहेरून चार अणकुचीदार पॉइंट दिसतात. पॉइंटचं लाकूड आणि हँडलचं लाकूड एकच असतं, मधे कुठेही जोड नसतो.

अमेरिकेत क्लबांमध्ये भिंतीवर टांगलेल्या एकसंध क्यू बहुतेक अशाच असत. सिनसिनाटीत १८४५ साली सुरू झालेल्या ब्रन्सविक कंपनीने टायटलिस्ट नावाची फुल स्प्लाइसची क्यू काढली होती. ती क्लबात वापरायची साधी क्यू, पण तिचा सांधा इतका चांगला होता की पुढच्या पिढीतल्या कारागिरांनी तिला कच्चा माल मानलं. तिचा मागचा भाग कापायचा, पुन्हा कातायचा, पेच बसवायचा, नवा शाफ्ट लावायचा आणि दोन तुकड्यांची देखणी क्यू तयार करायची. शिकागोचे हर्मन रॅम्बो असं काम करत.

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव जॉर्ज बलाबुश्का यांचं. १९१२ साली रशियात जन्म, १९२४ साली अमेरिकेत, पुढे ब्रुकलिनमध्ये लाकूडकाम. १९५९च्या सुमारास ते क्यू बनवू लागले. १९७५ साली ते गेले तोवर त्यांचं नाव उत्तम क्यूचं दुसरं नाव झालं होतं. आणि तरीही त्यांच्या क्यूंमधले पॉइंट बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी केलेले आहेत. सुरुवातीला टायटलिस्टचे, नंतर शिकागोच्या बर्टन स्पेन यांच्याकडून आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनियातल्या गस झाम्बोटी यांच्याकडून घेतलेले तयार स्प्लाइस ते वापरत. यात बलाबुश्कांचं काही कमी होत नाही. चांगला सांधा ओळखणं, तो नीट वाळू देणं, त्याला अचूक कातणं आणि त्याच्याभोवती बाकीची क्यू उभी करणं हे त्यांचं काम होतं. पण स्प्लाइस करणं ही स्वतंत्र कला आहे आणि ती फार थोड्या लोकांना नीट जमत असे, हे यातून दिसतं.

सरळ खाचेतून टोक कसं निघतं

आज खास बनवून घेतलेल्या क्यूंमध्ये सर्वांत जास्त दिसणारी पद्धत म्हणजे हाफ स्प्लाइस. यात पाचर हँडलपर्यंत सलग जात नाही. पॉइंट फक्त फोरआर्ममध्ये बसवतात, मग फोरआर्मचं मागचं तोंड हँडलच्या लाकडाला आतून पेच घालून जोडतात. कारागीर या जोडाला ए-जॉइंट म्हणतात. वर लिनन गुंडाळलं किंवा एखादी सजावटीची चकती बसवली की तो झाकला जातो.

फोरआर्मसाठी मेपलचा सुमारे फूटभर लांबीचा ठोकळा घेतात. तो एका चौकटीत असा पकडतात की त्याचं एक टोक किंचित उचललेलं राहील. मग त्याच्यावरून ९० अंशांच्या कोनाचं कटर सरळ फिरवतात. ठोकळा तिरपा असल्यामुळे खाच हँडलच्या बाजूला खोल जाते आणि पुढे पुढे उथळ होत नाहीशी होते. ठोकळा पाव फेरा फिरवायचा, पुन्हा तेच. चार वेळा. आता या खाचांत आबनुसाच्या चौकोनी पट्ट्या कोपरा खाली करून बसवायच्या. चौकोनाचा कोपरा ९० अंशांचा, खाचही ९० अंशांची, त्यामुळे पट्टी तळाशी नेमकी टेकते आणि तिचा उरलेला भाग बाहेर राहतो. गोंद लावून, घट्ट दोरी गुंडाळून ती वाळू द्यायची.

हा ठोकळा लेथवर चढवला की बाहेर आलेलं आबनूस भुश्शात जातं. महागड्या लाकडाचा मोठा वाटा असाच जमिनीवर पडतो. कातताना ठोकळा गोल आणि पुढे निमुळता होतो. हँडलजवळ खाच खोल, म्हणून तिथे पॉइंट रुंद दिसतो. पुढे जाताना खाचेचा तळ पृष्ठभागाच्या जवळ जवळ येतो, म्हणून पॉइंट अरुंद होत जातो. तळ आणि पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे तो संपतो.

टोक अणकुचीदारच का येतं? घरात जाड गाजर असेल तर करून बघा. सुरीने एक लांब, अगदी तिरपा काप घ्या. कापाच्या दोन्ही कडा खालून वर एकमेकींकडे येतात, पण शिखराशी त्या गोल वळून मिळतात. एका सपाट पातळीने शंकू तिरपा कापला की कड नेहमी अशी वळणदारच येते. आता पहिल्या कापाला आतून काटकोनात भेटेल असा दुसरा तिरपा काप घ्या, म्हणजे गाजरातून पाचर निघेल. या वेळी दोन पातळ्या एका सरळ रेषेत मिळाल्या आहेत. ती रेषा पृष्ठभागावर जिथून बाहेर येते तो एकच बिंदू असतो, आणि तिथे टोक धारदार दिसतं. पूलच्या क्यूचे अणकुचीदार पॉइंट आणि स्नूकरच्या जुन्या क्यूंवरच्या कमानी यांच्यात फरक आहे तो हाच. त्याकडे पुढे येतोच.

चार रेघा, आणि त्यांची लांबलेली टोकं

पॉइंटच्या कडेने जाणाऱ्या रंगीत रेघा म्हणजे विनियर. आरपार रंग मुरवलेल्या, अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या. आबनुसाची पट्टी खाचेत बसवण्याआधी तिच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर हे थर एकावर एक चिकटवतात. दोन बाजू ज्या कोपऱ्यात मिळतात तिथे थरांच्या कडा ४५ अंशांत तासून जुळवाव्या लागतात. हा कोपराच पुढे पॉइंटचं टोक होणार असतो. तो जुळला नाही तर एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूवर चढलेला दिसतो आणि टोक एकीकडे झुकतं. चांगल्या क्यूमध्ये प्रत्येक रंगाचं टोक पॉइंटच्या मध्यरेषेवर बरोबर येतं. मी क्यू बघताना सगळ्यात आधी हेच बघतो, कारण इथे लपवायला जागा नसते.

आता एक गोष्ट नीट बघितली तर नवल वाटतं. पॉइंटच्या बाजूंना विनियरची रेघ जेमतेम पाऊण मिलिमीटर दिसते. पण टोकाशी तोच रंग वीस मिलिमीटर लांब होतो. लाकूड एकच, जाडी एकच. मग?

कारण उतार. आपल्या उदाहरणात खाच २५० मिलिमीटरमध्ये १० मिलिमीटर वर येते, म्हणजे पंचवीसास एक. खोलीतला एक मिलिमीटरचा फरक पृष्ठभागावर पंचवीस मिलिमीटर होऊन दिसतो. ०.६ मिलिमीटरचा विनियर कोपऱ्यात तिरपा मोजला तर ०.८५ मिलिमीटर खोली व्यापतो. त्याला पंचवीसने गुणा, एकवीस मिलिमीटर झाले. चार विनियर असतील तर सगळ्यात आतल्या आबनुसाच्या टोकापासून सगळ्यात बाहेरच्या रंगाच्या टोकापर्यंत आठ सेंटिमीटरहून जास्त अंतर पडतं. पॉइंटला तो भाल्यासारखा, रंगांच्या पायऱ्या चढत जाणारा जो डौल येतो, तो या गुणाकारामुळे येतो.

गुणाकार चुकांचाही होतो. ठोकळा लेथवर लावताना त्याचा मध्य ०.१ मिलिमीटरने सरकला, म्हणजे कागदाच्या एका पानाइतका, तर एका बाजूचा पॉइंट अडीच मिलिमीटर लांब होतो आणि समोरचा अडीच मिलिमीटर आखूड. दोघांत पाच मिलिमीटरची तफावत. क्यू हातात घेऊन हळूहळू फिरवली की ती सहज डोळ्यांत भरते. खाचा पाडताना आलेली चूक, गोंदाचा थर एका पट्टीखाली थोडा जाड राहणं, लाकूड मधल्या काळात किंचित वाकणं, सगळ्यांचा जमाखर्च शेवटी या टोकांवर निघतो. म्हणून चारही पॉइंट एका उंचीवर आणणं हे कारागिराच्या शिस्तीचं माप मानतात. जुन्या, नामांकित हातांच्या क्यूंमध्येही टोकं थोडी वरखाली सापडतात. तेवढ्यावरून मी त्यांना कमी लेखणार नाही. पण नव्या यंत्रावर केलेल्या क्यूत सेंटिमीटरभर फरक असेल तर तो हलगर्जीपणा आहे.

यातला सगळ्यात कठीण भाग वाट बघण्याचा. लाकूड कातलं की त्यातला दाबलेला ताण सुटतो आणि ते थोडं हलतं. म्हणून चांगले कारागीर एका दमात अंतिम मापाला जात नाहीत. थोडं कातायचं, उभं टांगून ठेवायचं, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थोडं कातायचं. खास बनवून घेतलेल्या क्यूसाठी एवढा काळ थांबावं लागतं, त्याचं हे एक खरं कारण.

याच कल्पनेची बाकीची भावंडं

विनियर न वापरता रेघा आणायची एक वाट म्हणजे रीकट. पहिल्या खाचेत एका रंगाचं लाकूड भरायचं, वाळलं की त्याच रेषेवर थोडी उथळ खाच पुन्हा पाडायची, तिच्यात दुसरं लाकूड, मग तिसरं. प्रत्येक वेळी लाकूड नव्याने मध्यावर आणावं लागतं आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना मागच्या लाकडाचा थर सारखा राहावा लागतो. कष्टाचं काम आहे. बदल्यात विनियरमध्ये न मिळणारी लाकडं रेघ म्हणून वापरता येतात आणि रेघेची रुंदी हवी तशी ठरवता येते.

बटरफ्लाय स्प्लाइसमध्ये खाच सरळ न पाडता मोठ्या वर्तुळाच्या कमानीत पाडतात आणि तिच्यात विनियरसकट लाकूड वाकवून दाबतात. गोल कातल्यावर पाकळ्यांसारखे, गोलाई असलेले थर दिसतात. दिसायला मोहक, पण विनियर वाकताना चिरण्याची भीती कायम.

आणि मग संगणकावर चालणारं यंत्र. यात फोरआर्म आधीच गोल कातलेला असतो. यंत्र त्याच्यात पॉइंटच्या आकाराचा उथळ खड्डा कोरतं आणि त्याच मापाचा तुकडा त्यात बसवतात. इथे मात्र त्रिकोण खरोखर कापलेला असतो. कोरणारं कटर गोल असतं, त्यामुळे खड्ड्याच्या टोकाशी बारीकशी गोलाई राहते. ती काढायची तर पातळ सुरीने हातानेच कोपरा तासावा लागतो. भिंग लावून बघितलं तर खाचेतून निघालेलं टोक आणि कोरून बसवलेलं टोक सहसा ओळखू येतं. यंत्रामुळे पाच-सहा पॉइंट, वेगवेगळ्या उंचीचे पॉइंट, त्यांच्यामधे चांदीच्या फुल्या, काहीही करता येतं. ते कामही कसबाचं आहे. फक्त तो सांधा नसतो, तो जडाव असतो. विकणाऱ्याने तेवढा फरक स्पष्ट सांगावा एवढीच अपेक्षा. अगदी स्वस्त क्यूंवर तर पॉइंट छापलेले असतात. त्यांना टोकाशी रंगाची लांबण दिसली तरी आत लाकूड सलगच असतं.

आपल्याकडच्या क्लबांतल्या कमानी

मुंबई-पुण्याच्या जुन्या जिमखान्यांत पूलच्या आधी बिलियर्ड्स आणि स्नूकर रुजले. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, आणि मुंबईच्या मायकेल फरेरांनी पुढे हेच विजेतेपद तीनदा मिळवलं. त्यामुळे आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर जी क्यू येते ती इंग्लिश घडणीची असते. पुढे अॅशचं फिकट लाकूड, मागे काळं आबनूस. तिच्यावर आबनूस चार गोलसर कमानींत वर चढलेलं दिसतं.

ही कमान म्हणजे गाजराचा पहिला काप. हाताने स्प्लाइस करणारा कारागीर अॅशच्या मागच्या भागावर रंध्याने लांब, तिरपा सपाट पृष्ठभाग काढतो. त्यावर आबनुसाची सपाट पट्टी चिकटवतो. समोरासमोरच्या दोन बाजू आधी, मग उरलेल्या दोन. खाच नाही, कोपरा नाही, एकच सपाट पातळी. गोल केल्यावर कड वळणदार येते. याउलट यंत्रावर केलेल्या स्नूकर क्यूत एकमेकांत घुसणाऱ्या पाचरी असतात, म्हणून तिचे पॉइंट अणकुचीदार. म्हणजे गंमत बघा, स्नूकरमध्ये गोल कमान ही हातकामाची खूण, तर पूलमध्ये धारदार टोकाला मान. दोन्ही खेळांतले खेळाडू आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळे सांधे वाचत असतात.

अॅशच्या अंगावर टोकाच्या दिशेने जाणारे बाणांसारखे जे पट्टे दिसतात, तेही याच भूमितीतून येतात. झाडाच्या वार्षिक वाढीचे थर जवळपास समांतर असतात आणि क्यू निमुळती. निमुळत्या पृष्ठभागाने ते थर तिरपे कापले की बाण उमटतात. तिथे सांधा काहीच नसतो, झाडाची वर्षं असतात.

लाकूड, पाऊस आणि पुन्हा पॉलिश

पॉइंटसाठी आबनूस, शिसवीच्या जातीतली लाकडं, मध्य अमेरिकेतला कोकोबोलो, जांभळा पर्पलहार्ट ही नेहमीची निवड. सह्याद्रीत वाढणारी आपली शिसवही जगभरातल्या कारागिरांना परिचित आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १९९२ पासून कडक बंदी आहे, आणि २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जातींवर निर्बंध आले. त्यामुळे अशा लाकडाची क्यू परदेशातून मागवताना कागदपत्रांची चौकशी आधीच केलेली बरी.

वेगवेगळी लाकडं एकत्र आली की आणखी एक गोष्ट सोबत येते. ओलावा शोषला की लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. आणि प्रत्येक जात वेगळ्या प्रमाणात फुगते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या क्यूच्या पॉइंटच्या कडेवरून नख फिरवलं तर बारीकशी पायरी जाणवू शकते. बहुतेक वेळा सांधा सुटलेला नसतो, फक्त दोन शेजारी वेगवेगळे फुगलेले असतात, आणि हवा कोरडी झाली की पायरी कमी होते. क्यू बंद केसमध्ये ठेवा, मोटारीच्या डिकीत उन्हात सोडू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. पायरी कोरड्या दिवसांतही राहिली किंवा कडेला बारीक काळी फट दिसू लागली तरच कारागिराकडे न्या.

तिथे नेल्यावर काय सांगायचं, हेही त्या पंचवीसच्या गुणाकारातून कळतं. पॉलिश उतरवून नवं चढवायचं म्हणजे लाकूड थोडं घासलं जाणारच. पृष्ठभाग ०.०५ मिलिमीटर आत गेला की प्रत्येक पॉइंट सव्वा मिलिमीटरने आखूड होतो, बाजूने थोडा अरुंदही. एकदा केलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. पण जुनी क्यू तीन-चार हातांतून फिरली, प्रत्येकाने तिला नव्यासारखी करून घेतली, तर पॉइंट चार-पाच मिलिमीटरने खाली आलेले असू शकतात, आणि नीट मध्यावर न लावता घासली असेल तर चारही वेगवेगळ्या उंचीवर. तेव्हा जुनी क्यू दुरुस्तीला देताना कारागिराला सांगा की जुनं पॉलिश शक्यतो लाकडाला न लागता काढा, आणि लेथवर लावण्याआधी चारही टोकांची पेचापासूनची अंतरं मोजून लिहून ठेवा. परत घेताना ती तुमच्यासमोर पुन्हा मोजून घ्या.